लिंबाजी कासाराच्या निरोपाची कहाणी

ऐक जोगाई, तुझी कहाणी. शाळा लवकर सुटली माझी. काना-मात्रा चुकेल, शब्द साधे पडतील, वाचणारीनं सांभाळून घ्यावं.

आटपाट गाव होतं. तिथं लिंबाजी कासार होता. जन्मभर जत्रांतून बांगड्या भरल्या, म्हातारपणी घरी बसला. बायको चिमाई. तिची आठवण विरत गेली. सून विसरली, नातवंडं विसरली, एके दिवशी नवराही विसरली. म्हणाली, "घरधनी जत्रेला गेलेत. ते येईतो परका पुरुष घरात नको. ते आल्याबिगर मला अन्न नको." लिंबाजीला ओट्यावर काढलं.

मग पहिल्या दिवशी तो म्हणाला, "अगं, मीच तुझा नवरा!" चिमाईनं फुंकणी उगारली. दुसऱ्या दिवशी मिशा काळ्या करून आला. "म्हाताऱ्या, लाज नाही वाटत?" तिसऱ्या दिवशी जोगाईच्या देवळात जाऊन रडला. चिमाई उपाशी ती उपाशीच!

मग देवी म्हातारीच्या रूपानं आली. "रडतोस काय, वेड्या? ती परक्याला दारात घेत नाही, ते कुणासाठी? तुझ्यासाठीच ना!"

लिंबाजी ताडकन उठला. "खरंच की!"

"मग वसा घे. मी नवरा म्हणायचं नाही, आठव म्हणायचं नाही, रुसायचं नाही. रोज नवा होऊन दारी जायचं. उतू नको, मातू नको."

लिंबाजी धावत सुटला. परक्याच्या हाती कुणी बाई हात देत नाही, पण कासाराला देते! बांगड्यांची माळ खांद्यावर टाकली, दारात हाळी दिली. चिमाई आली, बसली, हात पुढं केला. "जपून हो, कासारदादा."

बांगड्या चढल्या. "हलका हात आहे तुमचा. पण आमच्या घरच्यांची सर नाही!"

लिंबाजीला हसू आवरेना. "ते वाटेत भेटले. जेवून घे, असा निरोप दिलाय."

"असं म्हणाले?" चिमाई उठली, पान वाढून घेतलं, पोटभर जेवली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, सावकाश या, पण या."

लिंबाजी मागल्या दारी धावला. "सूनबाई, तिनं मला निरोप धाडला!"

"मामंजी, तुम्ही समोरच तर होता!"

"मग काय झालं? मला धाडला की!"

दुसऱ्या सकाळी चिमाई पुन्हा सारं विसरली. लिंबाजीनं नवं मुंडासं बांधलं, मागल्या दारानं निघाला, पुढल्या दारी आला, हाळी दिली.

"कोण तुम्ही?"

"कासार, बाई. तुमच्या धन्याचा निरोप आणलाय. निघालेत म्हणाले."

जशी जोगाई लिंबाजीला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सुफळ झाली, संपूर्ण झाली.