येसा गवळणीनं ओ दिली, त्याची कहाणी

अक्षता घ्या गं हातात. पोरांना मांडीवर घ्या, दिव्याकडे हात जाऊ देऊ नका. आणि कुजबुज नंतर करा, कहाणी काही रोज रोज सांगत नाही मी. ऐक गं जिवतीआई, लेकुरवाळे, तुझीच कहाणी तुला सांगते.

डोंगराच्या कुशीत एक नगर होतं, नगराच्या माथ्यावर गवळ्यांची वाडी होती. वाडीत गोंदा गवळी राहायचा. त्याची बायको येसा. त्यांना तीन लेकरं. थोरली ठकी, मधला कोंडू, धाकटी बाळी. दारी म्हशी होत्या, घरी दूधदुभतं होतं, खाऊनपिऊन सुखी होती.

श्रावणमास आला. डोंगरावर धुकं उतरलं. उंबऱ्यातून अंगण दिसेना. अशात कड्याकडून हाक आली, "कुणी आहे का? धावा!" गोंदा भाकरी खात होता. त्यानं हातातला घास खाली ठेवला, "ओ, आलो!" म्हणाला, घोंगडी पांघरली आणि गेला. गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी धुकं फाटलं, तेव्हा लोकांना तो दरीत सापडला. हाक कुणाची होती, ते वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग बाया आल्या, रडल्या, आणि जाताना बोलून गेल्या. एक म्हणाली, "हाक काळाची होती." दुसरी म्हणाली, "ओ दिली म्हणून गेला." तिसरी म्हणाली, "काळ सोकावला म्हणजे परत येतो, बाई." बोलणाऱ्याचं काय जातं? त्या आपापल्या चुलीपाशी गेल्या, आणि ते बोलणं येसेच्या घरात राहिलं.

मग येसेला भीतीनं धरलं. ताक घुसळायला बसली की पाठ दाराकडे होईना. म्हैस पिळताना अर्ध्यावर उठावं, घरात जाऊन लेकरं बघून यावं. दुपारची लेकरं निजली की एकेकाच्या नाकाशी बोट धरावं, श्वास लागला की पुढच्याकडे जावं, आणि शेवटच्याकडून पुन्हा पहिल्याकडे यावं. नवऱ्यासाठी रडायलासुद्धा तिला सवड झाली नाही. मला काही झालं तर यांना कोण? यांना काही झालं तर मी कशाला? शेण काढताना हेच, भाकरी थापताना हेच.

एके दिवशी तिनं लेकरांना समोर बसवलं. म्हणाली, "कुणी हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. तोंड मिटायचं, जागचं हलायचं न्हाई."

ठकी म्हणाली, "शेजारच्या काकीनं मारली तर?"

"न्हाई."

कोंडू म्हणाला, "मामानं मारली तर?"

"न्हाई."

ठकी शहाणी पोर. ती म्हणाली, "आये, तू मारलीस तर?"

येसेच्या मनात आलं, काळ कुणाचाही आवाज काढील. माझाही काढील. म्हणाली, "मी मारली तरी न्हाई. मला हवी असाल तर मी येऊन खांद्याला हात लावीन."

लेकरं आईची होती, आईचं ऐकलं. येसा स्वतःही कुणाला ओ देईनाशी झाली. शेजारीण विरजण मागायला यायची, हाका मारून परत जायची. घरात माणसं असून घर मुकं झालं. बाया म्हणाल्या, हिला गर्व झाला. गर्व कसला, बायांनो? ती दाराआड उभी राहून थरथरत असायची.

वर्ष सरलं, पुन्हा श्रावण आला, पुन्हा धुकं आलं. वाडीतल्या बायांनी भिंतीवर जिवती लावली, आघाडा-दूर्वांची माळ घातली. येसेनं लावली नाही. तिला वाटलं, देवीची नजर घरावर पडायला नको. लेकरं आहेत हे कुणालाच कळायला नको, देवालाही नको.

पहिल्या शुक्रवारी दारात एक म्हातारी आली. "येसे, अगं येसे, वाटीभर ताक दे गं." येसेनं बाळीच्या तोंडावर हात ठेवला. म्हातारी गेली. दुसऱ्या शुक्रवारी आली. "येसे, अगं येसे, लेकरांना ओवाळलंस का गं?" येसेनं दिवा विझवला. म्हातारी गेली. तिसऱ्या शुक्रवारी आली. "येसे, अगं येसे, दमले गं मी, तुझ्या दारी नाही यायची आता." येसेनं कानांत बोटं घातली. म्हातारी कड्याच्या वाटेनं निघून गेली.

चौथा शुक्रवार आला. येसा गोठ्यात म्हशीला वैरण घालत होती. घरात बांधलेल्या म्हशीच्या पारडानं दावं तोडलं आणि दाराबाहेर उडी घेतली. लेकरंच ती! बाळीला ठकीनं कडेवर घेतलं, कोंडूनं ठकीचा परकर धरला, आणि निघाली पारडामागं. येसा घरात आली. चुलीपाशी पाहिलं, नाहीत. माळ्यावर पाहिलं, नाहीत. परसात पाहिलं, नाहीत. तशी ती धुक्यात धावली.

"ठके!" ओ नाही. "कोंडू!" ओ नाही. "बाळे गं!" ओ नाही.

आणि मग तिला आठवलं. लेकरं इथंच कुठंतरी असतील. माझी हाक त्यांना ऐकू येत असेल. आणि मी शिकवलं तशी तोंड मिटून बसली असतील. कड्याच्या अंगाला असतील तर? एखादं उठलं, चाललं, तर? ती ओरडली, "अरे मीच आहे! तुमची आये!" पण काळही असंच म्हणेल, हेही तिनंच शिकवलं होतं. तिच्या हाकेवर धुकं मिटून जाई. आपल्याच हातानं आपल्या लेकरांची वाचा बांधली, म्हणून तिनं कपाळ बडवून घेतलं.

इतक्यात कड्याकडून हाक आली, "येसे, धाव गं!"

तोच कडा, तेच धुकं, तशीच हाक. ती जागीच बसली. दुसरी हाक आली, "कुणी आहे का गं? पडते मी!" येसा मनाशी म्हणाली, मी गेले तर पोरं पोरकी होतील. एक आई उरलीय त्यांना. न्हाई जायची मी.

पण बायांनो, त्या घडीला तिला आणखी एक कळलं होतं. हाक मारावी आणि कुणी ओ देऊ नये, म्हणजे काय होतं, ते. काळीज सोलून निघतं, ते. ती हाक मारणारी कोणाची तरी आई असेल, लेक असेल. माझी लेकरं गप्प आहेत तशीच मीही इथं गप्प बसले आहे.

तिसरी हाक आली. हाक कसली, हुंदकाच तो. येसेनं डोळे मिटले, आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "ओ! आहे गं बाई मी! येते, तिथंच थांब!"

तशी डाव्या हाताला, अगदी जवळ, बारीक आवाज आला. "ओ." ठकीचा. मग कोंडूचा, "ओ." मग बाळीनंही बोबडं म्हटलं, "ओ."

"तिथंच बसा! हलू नका, बोलत राहा!" म्हणत येसा हातापायांवर रांगत गेली. तिघं एका धोंड्याला बिलगून बसली होती. धोंड्यापलीकडे दरी. तिनं एकेकाला छातीशी धरलं, एकेकाच्या नाकाशी बोट धरलं. म्हणाली, "माझ्या हाकेला का गं ओ दिली न्हाई?"

ठकी म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून. पण तूच ओ दिलीस, तेव्हा वाटलं, आता द्यायची असंल."

येसा रडली. वर्षभराचं सगळं रडली. पण येते म्हणून सांगितलं होतं, आता जायला हवं. लेकरांना सोडवेना. तरी तिनं त्यांना धोंड्याला धरून बसवलं. म्हणाली, "मी हाक मारली की ओ द्या. तुमच्या आवाजावर मी परत येते." मग कड्याशी पालथी पडून तिनं हात खाली सोडला. हाताला हात लागला. ओढलं, तर ओझंच नाही. वर आली ती दारातली म्हातारी. धुक्यात तिचं तोंड उजळलं, कडेवर लेकरं, मांडीवर लेकरं, पदराखाली लेकरं. ती जिवतीआई होती.

जिवतीआई म्हणाली, "येसे, तुझ्या धन्यालाही अशीच खरी हाक आली होती. एक वाटसरू बाई कड्यावर अडकली होती. त्यानं तिला वर काढलं, ती परमुलखात आपल्या घरी पोचली. परतताना पाय घसरून तो गेला. ओ दिली म्हणून गेला नाही."

येसेनं पाय धरले. "आई, एवढं कर. माझी भीती तेवढी काढून घे."

जिवतीआई म्हणाली, "ती माझ्यानं निघत नाही गं. जिला लेकरं, तिला ती आहेच. मलाही आहे. शुक्रवारी मला भिंतीवर लाव, लेकरांना ओवाळ, दारी हाक येईल तिला ओ दे. उतू नको, मातू नको, भिऊन मुकी होऊ नको." असं म्हणून ती धुक्यात मिसळली.

येसा लेकरांना घेऊन घरी आली. मेलं पारडू तिच्याआधीच आलं होतं! तिनं भिंतीवर गंधानं जिवती काढली. पुरणाचे दिवे केले. शेजारणीनं दारातून हाक मारली, "येसे, आहेस का?" येसेनं आधी एकेका लेकराकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओ, ये गं." शेजारीण आत आली, ताट पाहून म्हणाली, "अगं, तुझं कुंकू पुसलेलं, तू कशी ओवाळणार?" येसा म्हणाली, "मी यांची आई आहे." आणि तिनं ओवाळलं. ज्योत हलत होती, पण विझली नाही.

पुढं लेकरं मोठी झाली. कुणी रानात गेलं, कुणी सासरी गेलं. दर शुक्रवारी येसा उंबऱ्यात उभी राही, दूरच्या लेकरासाठी चारी दिशांना अक्षता टाकी, आणि जवळच्याला नावानं हाक मारी. हाक सुटली की ओ येईस्तोवर तिचा जीव थाऱ्यावर नसे. म्हातारी झाली तरी नसे.

टाका गं अक्षता. येसेच्या हाकेला जशी तिच्या लेकरांची ओ आली, तशी तुमच्या आमच्या हाकेला येवो, एकटीनं लेकरं वाढवणारीच्या हाकेला आधी येवो. ही तीन हाकांची कहाणी, एका ओमध्ये सुफळ झाली, संपूर्ण झाली.