शिदूचा अदंत कॅमेरा

गळ्याशपथ सांगतो, ही गोष्ट घडलेली आहे. मी त्या लग्नाला होतो आणि सगळं या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे लग्न लागलं तेव्हा मी मांडवामागं जिलेबीच्या कढईपाशी होतो, आणि चष्मा घरी राहिला होता. पण बघितलं मीच.

तर एका गावात एक भोळा भाचा होता. नाव शिदू. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, हीच त्याची अडचण. त्याचा जीव मामाच्या धाकट्या कांचनवर. मामाची मुलगी म्हणजे आमच्याकडं अर्धं लग्न ठरल्यातच जमा. पण उरलेलं अर्धं आबामामांच्या हातात होतं, आणि आबामामा म्हणजे ताठ माणूस.

थोरल्या वनिताचं लग्न ठरलं तसं मामांनी शिदूला बोलावलं. "वनीच्या लग्नाचे फोटो तू काढायचे. लग्न लागतानाचा एक तरी फोटो नीट आला पाहिजे. सगळी माणसं त्यात, कुणी हललेलं नाही, आड काही आलेलं नाही. तसा आला तर कांचन तुझी. नाही आला तर मी तिला दुसरं स्थळ बघतो."

शिदूनं गोठ्यातला खोंड विकला आणि कॅमेरा घ्यायला तालुक्याला निघाला. निघताना आई म्हणाली, "दात बघून घे रे." आईनं जन्मात बैलच घेतले होते.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, पहिलाच कॅमेरा आहे ना, मग फार भरू नका. एक साधा कॅमेरा, त्याच्याबरोबरची लेन्स, तीन पायांचा स्टँड आणि पिशवी. एवढंच पुरे. बाकीचं हात बसल्यावर घ्या. असं म्हणून त्यानं लेन्स न लावलेला एक कॅमेरा पुढं ठेवला.

शिदूनं मान वाकडी करून आत बघितलं. त्या कॅमेऱ्यात आत एक इवलासा आरसा असतो. आरशात शिदूला दात दिसले. स्वतःचेच.

"हा जुळलाय," शिदू म्हणाला.

"म्हणजे?"

"सगळे दात आलेत. वय झालंय याचं. कोवळा दाखवा."

दुकानदारानं दुसरा दाखवला. तोही जुळलेला. तिसऱ्याचीही तीच गत. शेवटी वैतागून त्यानं एकाला लेन्स लावली, लेन्सवर झाकण घातलं आणि समोर आदळला. शिदूनं खूप वाकून बघितलं. एकही दात दिसेना.

"हा अदंत आहे. हाच द्या."

दुकानदारानं जाताना बजावलं, पुढची काच म्हणजे कॅमेऱ्याचा जीव. तिच्यावरचं झाकण लावून ठेवत जा. शिदू म्हणाला, बरं.

साखरपुड्याला शिदूनं झाकण लावून ठेवलं आणि भराभरा फोटो काढले. डोळा लावला की आत अंधार दिसायचा. त्याला वाटलं, नवा आहे, लाजत असेल. दुसऱ्या दिवशी मामांनी फोटो बघितले. सगळे काळे.

"ही अमावास्या कुणाची?"

"वनीच्या साखरपुड्याची, मामा."

मामांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अरे, फोटो काढताना मध्ये आड काही असेल तर ते आधी काढून टाकायचं, मग बटण दाबायचं. शिदू म्हणाला, बरं.

पुढं मामांना नव्यानं रंगवलेल्या घराचा फोटो हवा झाला, वरपक्षाला दाखवायला. शिदू अंगणात उभा राहिला. झाकण काढलेलं होतं. पण घराच्या आड शेवग्याचं झाड येत होतं. शिदूनं कुऱ्हाड आणली आणि ते आधी काढून टाकलं, मग बटण दाबलं. फोटो झकास आला. मामी मात्र आडव्या शेवग्याच्या शेंगा पदरात घेऊन रडत बसली. तेवढ्यात वेचायच्याही विसरली नाही.

मामा म्हणाले, "शिद्या, आड आलेलं तोडायचं नसतं. आपण मागं सरायचं. सगळं मावेपर्यंत मागं सरायचं." शिदू म्हणाला, बरं.

चुडा भरायच्या दिवशी अंगण बायकांनी भरून गेलं. शिदूनं कॅमेरा डोळ्याला लावला. कडेची म्हातारी मावत नव्हती, म्हणून मागं सरला. म्हातारी मावली, तर गोठा अर्धाच आला. सगळं मावलं पाहिजे. गोठा मावला, तर गल्ली अर्धी. शिदू सरत सरत ओढा ओलांडून खंडोबाच्या टेकडीवर गेला. तिथून मात्र सगळं मावलं. शेजारच्या गावाची पाण्याची टाकीसुद्धा.

कांचननं फोटो हातात घेतला. "यात मी कुठं आहे?"

"तो ठिपका दिसतोय ना? त्याच्या डावीकडचा ठिपका. छान आलीयेस."

कांचन हसली नाही. वनिताचं लग्न तोंडावर आलं होतं आणि मामा कांचनसाठी एका स्थळाशी बोलणं लावून बसले होते. ती म्हणाली, "शिद्या, तो तीन पायांचा स्टँड काय गोठ्यात बांधायला आणलास? कॅमेरा त्यावर ठेव, जवळ ठेव. आणि तूही फोटोत ये. घरचा व्हायचंय ना तुला?" मग तिनंच त्याला वेळ लावायचं बटण दाखवलं. ते दाबलं की लाल दिवा लुकलुकतो. तो थांबायच्या आत पळत यायचं आणि मोकळी जागा दिसेल तिथं उभं राहायचं. शिदू म्हणाला, बरं.

हळदीला त्यानं बटण दाबलं आणि पळत आला. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातच होता, त्यामुळं कॅमेरा आणि स्टँडही पळत आले. फोटोत हळदीचं ताट आणि कुणाचा तरी अंगठा.

"कॅमेरा तिथंच ठेवून यायचं," कांचन दातओठ खाऊन म्हणाली. "आणि जागेवर उभा राहिलास की काही झालं तरी हलायचं नाही. आणि हे बघ, उद्या अंतरपाट आड येईल. त्याला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

लग्नाच्या दिवशी शिदूनं सगळं आठवणीनं केलं. झाकण काढलं. बोहल्याच्या बाजूला स्टँड लावला, जवळच, पण सगळे मावतील असा. अंतरपाटाकडं बघून दोन्ही हात मागं बांधले. पट्टा गळ्यातून काढून ठेवला. गुरुजी शेवटच्या मंगलाष्टकाला आले तसं त्यानं बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. शिदू बोहल्याकडं सुसाट सुटला.

एक धिप्पाड माणूस अंगावर धावून येतोय हे बघून नवरदेवानं बाजूला उडी मारली.

मोकळी जागा झाली. शिदू तिथं उभा राहिला.

गुरुजी डोळे मिटून सावधान म्हणाले. अंतरपाट दूर झाला. वाजंत्री कडाडली, अक्षता उडाल्या. मान वर करायची नाही असं वनिताला मामीनं शंभरदा बजावलं होतं. तिनं मान खाली घालूनच हार वर केला आणि शिदूच्या गळ्यात घातला. शिदू हलला नाही.

गुरुजी म्हणाले, चुकीच्या गळ्यातला हार हिशेबात धरायचा नसतो, परत घ्या. पण शिदू हलेना. हल म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी चौघांनी खांबासारखा उचलून त्याला तुळशीपाशी नेऊन ठेवला आणि लग्न पुन्हा लागलं. या दुसऱ्या खेपेचा फोटो काढायला अर्थात कुणी नव्हतं.

मामांनी रागानं कॅमेऱ्यातला फोटो उघडून बघितला आणि बघतच राहिले. सगळी माणसं मावली होती. कुणी हललेलं नव्हतं. अक्षता हवेत थांबल्या होत्या. उडी मारलेला नवरदेवसुद्धा हवेत कसा स्वच्छ उमटला होता. आणि आड काही नव्हतं.

मामांनी कॅमेरा खाली ठेवला. मग म्हणाले, "कांचे, शब्द मी दिलाय. पण नांदायचं तुला आहे."

कांचन म्हणाली, "आबा, सांगितलेलं सगळं ऐकणारा नवरा दुसरीकडं कुठं मिळायचाय?"

त्या लग्नाचा तेवढा एकच फोटो. तो मोठा करून वनिताच्या सासरी सोप्यात लावलाय. येणाराजाणारा विचारतो, पाव्हणं, यात तुम्ही कुठं? वनिताचा नवरा कोपऱ्यात, हवेत लटकलेल्या माणसाकडं बोट दाखवतो आणि चहा सांगायला आत जातो.

आता खरं सांगतो, यातलं एक मी पदरचं घातलंय. शिदू, शेवगा, उडी, सगळं खरं. पण पहिल्याच गिऱ्हाइकाला 'एवढंच पुरे, फार भरू नका' म्हणणारा दुकानदार मात्र कुठं नसतो. तो माझा.