जानू येडगेची हातरेस

"मग बसता का न्हाई, बुवा?"

जानू येडगेनं पुन्हा विचारलं. रावजीबुवा धुनीतलं लाकूड पुढं सारत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"कशात?"

"गाडीत. दुसरं काय हाय माझ्याकडं?"

बुवांनी लाकूड नीट बसवलं, हाताची राख झटकली.

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, सगळ्या धनगरवाड्यांत मिळून गाडी ही एकच, जानूची जुनी जीप. साध्या गाडीचं तिथं काम नाही. वाडीतून निघालं की आधी दगडधोंड्यांतून खिंड चढायची, मग पलीकडं दवाखान्याच्या गावाला उतरायचं. खिंडीच्या तोंडाशी कातळाची कमरेएवढी, तिरपी पायरी. चारी चाकांनी जोर लावला तरच गाडी तिच्यावर चढते.

या वाटेवर आधी बुवांनी गाडी चालवली, उभी हयात. गुडघे गेले तेव्हा चावी जानूच्या हातात ठेवली आणि स्वतः नाथाच्या ठाण्याशी धुनी पेटवून बसले. जानू त्यांचा एकुलता एक चेला. गुणाचा होता, खोटं कशाला बोला. पण घमेंड गुणापेक्षा चार बोटं वरच.

आणि सड्यावरची रीत अशी, की ज्या गाडीत जीव गेला तिच्यात आधी बुवांनी बसायचं, मग वाडी बसते. बुवा बसले नाहीत, तर ती गाडीही मेली म्हणायची.

जानूच्या गाडीत ठकू गेली होती. ठकू आणि तिच्या पोटातलं मूल.

तेव्हापासून गाडी आंब्याखाली उभी. मधे एका म्हाताऱ्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. लोकांनी त्याला डोलीत घातला आणि जानूच्या दारावरून, त्या उभ्या गाडीच्या शेजारून नेला. जानू चावी घेऊन दारात आला होता. कुणी त्याच्याकडं मान वळवली नाही. म्हातारा खिंडीतच संपला.

त्या रात्री जानूच्या घरात चूल पेटली नाही.

"दोष पायाचा होता, बुवा," जानू म्हणाला. "पायरीवर गाडी आदळली, अंग उडालं, अंगासंगं पाय. रेसवर दाबला गेला. गाडीनं उडी मारली आन्..."

 पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी कलंडून खालच्या ओढ्यात गेली होती.

"पायाचा," बुवा म्हणाले.

"व्हय. म्हणून पायाचं कामच काढून टाकलं."

आता मात्र जानूला जोर आला. त्यानं सगळं सांगितलं. भंगारात पडलेल्या ट्रॅक्टरचा दांडा आणला. स्टिअरिंगशेजारी पट्टी ठोकून बसवला. त्यातून तार ओवून थेट इंजिनाला जोडली. दांडा हातानं ओढून ठेवला की इंजिन तेवढ्याच जोरात चालत राहतं, कमी नाही, जास्त नाही. ट्रॅक्टरवाले तिला हातरेस म्हणतात.

"आता पाय कितीबी उडू द्या. गाडी तसूभर हलायची न्हाई. पोटातलं पाणी सुद्धा..."

त्यानं जीभ चावली.

धुनीच्या पलीकडं बाबाजी कोकरे बसला होता. ठकूचा नवरा. रोज येऊन बसायचा, बोलायचा नाही, धूर डोळ्यांत गेला तरी सरकायचा नाही. त्यानं आता मान वर केली होती.

ठकूला गाडीत घातली त्या दिवशीही जानू हेच म्हणाला होता. पोटातलं पाणी हलू देणार न्हाई.

बुवांचा दंडक होता, पायरीला गाडी रिकामी. धडधाकट माणसं उतरून चढून जातात. आजारी असेल त्याला चौघं उचलून पायरीवर नेतात. गाडी मागून एकटी येते, मग परत बसायचं. बुवांच्या अख्ख्या हयातीत हा दंडक कुणी मोडला नव्हता.

जानूनं मोडला. बाबाजी उतरवतो म्हणत होता, बरोबरचे गडी खाली उतरलेही होते. जानू म्हणाला, राहू दे रं, बसवून नेतो. म्हाताऱ्या बुवाच्या काळच्या गोष्टी त्या. चार माणसांसमोर बोलून गेला, आणि बोलताना त्याला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं त्याला अजून आठवत होतं. आठवलं की तो घाईघाईनं पायाच्या दोषाकडं वळायचा.

"पायरीला गाडी रिकामी होती?" बुवांनी विचारलं.

"...न्हाई."

"का?"

"कळा येत हुत्या तिला. हलवायचं कसं?"

धुनीतलं लाकूड तडकलं.

"मी म्हणालो हुतो," बाबाजी म्हणाला. "उतरवतो म्हणालो हुतो."

एवढंच बोलला आणि परत निखाऱ्यांकडं बघत बसला.

जानूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला. बाबाजीनं शिव्या दिल्या असत्या, दगड घातला असता, तर सोसलं असतं. हे नुसतं बसणं त्याला सोसत नव्हतं.

"बुवा, झालं ते झालं," तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. "तुम्ही बसला न्हाई तर वाडी बसत न्हाई. उद्या आनखी कुनी डोलीत मरंल. ते कुनाच्या माथी?"

बुवांनी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"चल," ते म्हणाले. मग बाबाजीकडं वळले. "तूबी ये."

बुवा पुढं जानूच्या शेजारी बसले. त्यांना बसताना बघून आंब्याखालच्या बाया उठून उभ्या राहिल्या. जानूचा जीव भांड्यात पडला. सुटलो, असं त्याच्या मनात आलं.

बाबाजी बसला नाही. तो गाडीमागं चालत राहिला. त्या वाटेवर गाडी आणि माणूस सारख्याच चालीनं जातात.

पायरी आली.

खालच्या ओढ्यात गाडीची फुटकी काच अजून पडलेली होती. जानूनं तिकडं बघितलं नाही.

"थांबव."

गाडी थांबली. बुवा दार धरून उतरायला लागले.

"बसा की, बुवा. आता गरज न्हाई त्याची. हातरेस हाय."

"पायरीला गाडी रिकामी," बुवा म्हणाले.

ते कातळाला हात टेकत, गुडघे ओढत वर चढले. मधे एकदा थांबून दम घेतला. बाबाजी हात द्यायला पुढं झाला, तर त्याला नको म्हणाले. मग पायरीच्या वर, एका चाकोरीतच, गाडीकडं तोंड करून उभे राहिले. दोन्ही तळवे पुढं धरले.

जानूला एकदम भडभडून आलं. गाडी शिकताना वर्षानुवर्षं तो हे दोन तळवेच बघत आला होता. डावा हलला की डावं चाक, उजवा हलला की उजवं. बुवा असेच पुढं उभे राहायचे, एकेका दगडावरून त्याला चालवत आणायचे. तळवा उभा राहिला की थांबायचं. विचारायचं नाही, थांबायचं.

त्यानं सगळ्यात जड, चढाचा गिअर टाकला. दांडा ओढला. इंजिन एका सुरात घुमायला लागलं. क्लच सोडला आणि गाडी हलली.

आणि मग... सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

जानूनं दोन्ही पाय वर उचलले. सीटवर मांडी ठोकली. पंगतीला बसल्यासारखा बसला.

"बघा, बुवा," तो खिडकीतून ओरडला. "पाय न्हाईतच."

बुवांचा डावा तळवा हलला. उजवा हलला.

गाडी चढली. खरंच चढली, आणि काय चढली. पुढची चाकं कातळाला भिडली, टायर दबले, नाक वर झालं, कुठं हिसका नाही, कुठं दणका नाही. जानूचं अंग हिंदकळत होतं, इंजिन मात्र त्याच एका सुरात. त्याची छाती भरून आली. बघ म्हणावं बाबाजी, असं त्याच्या मनात आलं. बघ, आता कुणी मरत नाही.

पुढची चाकं वर आली. मागची चढली.

बुवांचा तळवा उभा राहिला.

थांब.

जानूनं दांडा झटक्यात आत ढकलला. इंजिनाचा आवाज पडला. गाडी थांबली नाही. त्या जड गिअरात रेस नसली तरी गाडी चालत राहते, थकलेल्या बैलासारखी, संथ. ती थांबवायला ब्रेक लागतो. ब्रेकला पाय लागतो.

पाय मांडीत होते.

"बाजूला व्हा, बुवा."

बुवा हलले नाहीत. तळवा तसाच उभा.

जानूनं उजवा पाय ओढला, तो डाव्याखाली अडकला. डावा ओढला तर गुडघा स्टिअरिंगला आपटला. हात अजून दांड्यावरच होता, दांडा आणखी आत, आणखी आत ढकलत होता. तिथं आता ढकलायला काही उरलं नव्हतं.

"बुवा... अहो बाजूला..."

पाय सुटला. ब्रेकवर पडला. गाडी धक्का खाऊन बंद पडली.

सगळं शांत झालं.

मागून बाबाजी धावत आला. वाटेतला एक धोंडा उचलून त्यानं मागच्या चाकाखाली सारला. दुसरा उचलला. मग पुढं आला आणि तिथंच थबकला.

बुवा उभे होते. एक हात गाडीच्या नाकावर टेकलेला. त्यांचा उजवा पाय पुढच्या चाकाखाली होता, निम्म्यापर्यंत. वहाणेचा अंगठा तुटून बाजूला पडला होता. कातळावर रक्त हळूहळू पसरत होतं.

जानू खाली कोसळल्यासारखा उतरला. गुडघ्यांवर बसला. चाकाला दोन्ही हातांनी ढकलायला लागला. चाक कसलं हलतंय? मग गाडी मागं घ्यावी म्हणून उठला, तर बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"बुवा, सोडा... मागं घेतो आधी... हाडं..."

बुवांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ गच्च मिटलेले. पण मनगटावरची पकड सुटली नाही.

"आधी सांग," ते म्हणाले. "दोष कुनाचा?"

जानू रडत होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता, नाक पुसायची शुद्ध नव्हती.

"हाताचा, बुवा," तो म्हणाला. "हात... हात दांड्यावरच ऱ्हायला. चावी फिरवायला पायजे हुती. हाताला सुधरलंच न्हाई... हात चुकला माझा..."

बाबाजी दुसरा धोंडा हातात घेऊन तसाच उभा होता.

बुवांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. एकदा खाली ओढ्याकडं बघितलं. मग जानूचं मनगट सोडून दिलं.

"त्या दिवशी पाय चुकला," ते म्हणाले. "आज हात चुकला... जानू, तू कवा चुकनार?"