गहिनाचं बेट

त्या दुर्बिणी जरा खाली ठेवा, म्हणजे पाणी नीट दिसेल. समोर लव्हाळ्यात ते बेट आहे ना, चक्रवाक बसलेत बघा, ते गहिनाचं बेट. अभयारण्याची पाटी काल-परवाची हो! इथल्या पाखरांना हात लावायचा नाही, हे तिच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय.

गहिना म्हणजे इथल्या तुळाजी नावाड्याची बायको. पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. थंडीतल्या एका सकाळी तुळाजी पैलतीरावरून नवरानवरीला घेऊन निघाला आणि नाव मध्यावर असताना धुकं उतरलं. असं दाट, की काठावरच्या गहिनाला स्वतःच्या कडेवरची घागर दिसेना. खालच्या अंगाला नदी खडकांवरून कोसळते, ऐकू येतंय ना? तिथल्या ओढीत नाव सापडली की संपलंच.

काठावर वरातीची वाजंत्री उभी होती. आवाजाच्या रोखानं नाव येईल म्हणून त्यांनी जीव खाऊन वाजवायला सुरुवात केली. पण धुक्यात ढोल चहूकडून घुमतो. गहिना घागर टाकून वाजंत्र्यांकडं धावली. तुळाजी नेहमी सांगायचा, "पाखरं बोलतात तिकडं उथळ. धुक्यात मी त्यांच्याच बोलण्यावर नाव हाकतो." आणि इथं तर पाखरांचं बोलणंच ढोलाखाली बुडालं होतं!

"बंद करा ते!" ती ओरडली.

"खुळी की काय तू?" नवरदेवाचा बाप खेकसला. "वाजवलं नाही तर त्यांना कळायचं कसं?"

तिनं ढोलावर अंगच टाकलं म्हणे. वाजंत्री थांबली. आता हाक मारावी असं तिला फार फार वाटलं, पण हाकेनंही पाखरं गप्प झाली असती. पदर तोंडात कोंबून ती उभी राहिली. मग बेटावरून एक चक्रवाक बोलला, पाठोपाठ दुसरा.

नाव आली. नवरानवरी सुखरूप होती, पण वल्हं नवरदेवाच्या हातात होतं. ढोलाच्या नादानं नाव खडकांपाशी गेली होती. तुळाजीनं पाण्यात उडी घेऊन ती मागं रेटली. तेवढ्यात ढोल थांबला. "पाखरांकडं हाका," एवढं तो म्हणाला, आणि ओढीत गेला.

बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. त्या दिवशी गहिनानं घेतलं, नदीकडं तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा. "तुळाजीऽऽ!" ओ आली ती बेटावरच्या चक्रवाकांची. या पाखरांना कुणी मारायचं नाही, अशी शपथ गावानं तिथंच घेतली, असं सांगतात.

चक्रवाक उन्हाळ्यात निघून जातात, म्हणून आमच्याकडची लग्नं थंडीतच. आजही वरात इथं आली की वाजंत्री थांबते. नवी नवरी पाण्याशी जाते आणि उखाणा वगैरे काही न घेता नवऱ्याचं नाव मोठ्यानं हाकारते. नवरा तिच्या शेजारीच उभा असतो, पण तो ओ देत नाही. पाखरू बोलेपर्यंत सगळं गाव गप्प उभं राहतं.