चिचुंद्रीच्या दारावर चाक

एक होती चिचुंद्री. एवढीशी. अंगाचा वास मात्र एवढा मोठ्ठा. तिला सांगू नका हं, तिला वाटतं ते अत्तर आहे.

गेनूतात्याच्या पडवीत तिचं बीळ. बिळात चार पिल्लं.

तात्याची होती जीप. पावसाळ्यात गडाचा रस्ता बंद. मग तात्यानं जीप विटांवर चढवली. चारी चाकं काढली. चाकांना चार महिने सुट्टी. चाकं फळीवर ठेवायची असतात, जमिनीची ओल लागते म्हणून. पण तात्याला आली झोप. उठल्यावर ठेवू म्हणाला. तीन चाकं भिंतीला टेकवली. चौथं दिलं टाकून. धप्प. नेमकं बिळाच्या तोंडावर.

चिचुंद्री आली. तोंडात झुरळाची तंगडी. बघते तर दार गायब. तंगडी ठेवली बाजूला. आत पिल्लं चिक चिक चिक.

"चाका चाका, हल ना. दार उघडेना, पिल्लं उपाशी."

चाक म्हणालं, "तात्या उचलेल, तेव्हा हलेन."

चिचुंद्री निघाली. लुटु लुटु लुटु. तात्या खाटेवर. घुर्रर्र घुर्रर्र.

"तात्या तात्या, उठा ना. चाक हलेना, दार उघडेना, पिल्लं उपाशी."

तात्या झोपेतच म्हणाला, "पोटावर मांजर बसलंय. मांजर उतरेल, तेव्हा उठेन."

चिचुंद्री चढली. लुटु लुटु लुटु.

"माऊताई माऊताई, उतर ना. तात्या उठेना, चाक हलेना, दार उघडेना, पिल्लं उपाशी."

मांजरानं नाक मुरडलं. मांजर चिचुंद्रीला खात नाही. का? अहो, अत्तर.

"कुत्रा भुंकेल, तेव्हा उतरेन. आणि जरा लांबून बोल."

चिचुंद्री उतरली. लुटु लुटु लुटु.

"कुत्रेदादा कुत्रेदादा, भुंक ना. मांजर उतरेना, तात्या उठेना, चाक हलेना, दार उघडेना, पिल्लं उपाशी."

कुत्र्यानं जांभई दिली. "पिसू चावेल, तेव्हा भुंकेन."

पिसू कुत्र्याच्या कानात बसलेली. पोट टम्म.

"पिसूबाई पिसूबाई, चाव ना. कुत्रा भुंकेना, मांजर उतरेना, तात्या उठेना, चाक हलेना, दार उघडेना, पिल्लं उपाशी."

"माझं जेवण झालं. उद्या ये," पिसू म्हणाली.

आता कुणाकडे जाणार? चिचुंद्री दमली. तिथंच बसली, कानाजवळ. नुसती बसली.

वास गेला कानात.

पिसूला आली शिंक. आक्... छी. शिंकता शिंकता चावली. कच्च.

पिसू चावली, कुत्रा भुंकला. भो भो भो.
कुत्रा भुंकला, मांजर उतरलं. टुणकन.
मांजर उतरलं, तात्या उठला. उठला तशी त्याला फळी आठवली.
तात्या उठला, चाक हललं. गुड गुड गुड.
चाक हललं, दार उघडलं.

पिल्लं बाहेर आली. एकानं आईची शेपटी धरली. दुसऱ्यानं पहिल्याची. तिसऱ्यानं दुसऱ्याची. चौथ्यानं तिसऱ्याची. लुटु लुटु लुटु लुटु. तंगडी खायला निघाली.

तात्यानं चाकं फळीवर रचली. एकावर एक, चार. वर गोणपाट टाकलं. मग रांगेकडे बघून म्हणाला, "माझी चार निजली. हिची चार सुटली."

आता तुमच्या पायांची दोन चाकं घ्या पांघरुणात. आधी बघा हं, कुणाच्या दारावर तर नाहीत?