केरबाने निवडलेला शिकारी कुत्रा

डोंगराखालच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? बायको म्हणाली, "जरा दुधावर लक्ष ठेवा," तर हा दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत एकटक बघत बसला. लक्ष मात्र त्याने चोख ठेवलं होतं.

केरबाच्या रानात रताळ्यांच्या बारा सऱ्या होत्या. वर्षाचं पोट त्या बारा सऱ्यांवरच. काढणीला पंधरा दिवस राहिले आणि डोंगरातून रानडुकरं उतरली. रोज दिवस मावळायला यायची, सऱ्या उकरायची, खाऊन जायची. दोन दिवसांत तीन सऱ्या गेल्या.

बायको हौसा म्हणाली, "अवो, डुकरांवर चालणारा एखादा चांगला कुत्रा आणा. न्हाईतर औंदा मातीच खावी लागंल."

केरबाने विचारलं, "कुठल्या रानातली?"

हौसाने त्याला सरळ सत्तूनानांकडे पाठवलं. शिकारीतलं सगळं काही नानांना कळायचं. आपण एकवीस डुकरं लोळवली, असं ते सांगायचे. वीस वर्षांपूर्वी हाच आकडा नऊ होता. मधल्या काळात नाना बाजेवरून फारसे उठले नव्हते, तरी आकडा वाढत गेला. त्यांच्या मांडीवर एक लांबलचक वण होता. डुकराच्या सुळ्याचा, असं ते म्हणायचे, आणि आल्यागेल्याला धोतर सारून दाखवायचे.

"कुत्रा घ्यायचा तर कारवानीच," नाना म्हणाले. "लांब तोंड, बारीक कंबर. पण पिल्लाकडं बघून काय कळत न्हाई. आईबाप बघायचे. पिल्लाकडं बघायचंच न्हाई."

केरबा धनगरवाड्यावर कुत्री पाळणाऱ्या बिरूकडे गेला. कुत्रा बघितला, कुत्री बघितली. तोंडं लांब, कंबरा बारीक. मग त्याने डोळे घट्ट मिटले आणि कोपऱ्यातल्या डालग्यात हात घातला.

"ह्योच नेतो."

"आरं, पण ते..." बिरू म्हणाला.

"बोलू नकोस. मला बघायचं न्हाई."

घरी येऊन डोळे उघडले तर हातात कोकरू. कोकराने रताळ्यांचे वेल खाल्ले, डुकरांनी खालची रताळी खाल्ली. दोघांचं चांगलं जमलं. सहा सऱ्या उरल्या.

केरबा पुन्हा नानांकडे गेला. नाना खवळले.

"येड्या, डोळे उघडे ठिवून घ्यायचं असतंय! तोंड उघडायचं, दात बघायचे. ज्याचे दात मोठे, त्यो आणायचा."

केरबाने धनगरवाड्यावर जाऊन प्रत्येकाचं तोंड उघडलं. कुत्र्यांचं उघडलं, शेळ्यांचं उघडलं. बिरू जांभई देत होता, तेव्हा त्याचंही बघून घेतलं. सगळ्यांत मोठे दात निघाले बिरूच्या म्हाताऱ्या तट्टाचे. केरबाने कोकरू परत दिलं आणि तट्टू घरी आणलं. बिरूने अडवलं नाही. त्याला स्वतःचं हसूच अडवता येत नव्हतं.

तट्टाने दोन सऱ्या तुडवून भुसभुशीत केल्या. डुकरं आली, तट्टाला बघून जरा थबकली, आणि मग कामाला लागली. उकरायचे कष्ट वाचले होते. तीन सऱ्या उरल्या.

"कुत्रा आण रं, कुत्रा!" नाना ओरडले. "चार पायांचा, भुंकणारा! आन त्याला उपाशी ठेव. पोट भरलेला कुत्रा पळत न्हाई."

या खेपेला बिरूलाच दया आली. त्याने तट्टू परत घेतलं, स्वतः एक उमदा कारवानी कुत्रा निवडला आणि दोरी केरबाच्या हातात दिली. असा कुत्रा पंचक्रोशीत नव्हता. केरबाने त्याला दोन दिवस पाण्यावर ठेवला. हौसाने भाकरी पुढे केली तर म्हणाला, "त्याचं पळणं बिघडवू नगंस."

तिसऱ्या दिवशी डुकरं आली. केरबाने दोरी सोडली. कुत्रा पळाला. नाना म्हणाले होते तसाच पळाला. डुकरांच्या मधून पळाला, ओढा ओलांडून पळाला, आणि धनगरवाड्यावर बिरूच्या चुलीपाशी जाऊन थांबला. बिरूने त्याच्या बरगड्या बघितल्या आणि सांगून पाठवलं, "केरबाला म्हणावं, हिकडं परत दिसू नगं."

आता एकच सरी उरली. हौसा बांधावर बसून रडली. एवढी एक सरी गेली की पुढच्या लागणीला बेणंसुद्धा राहणार नव्हतं. तिला रडताना बघून केरबालाही फार वाईट वाटलं. तो तसाच उठून नानांकडे गेला.

नानांची दुपारची झोप मोडली.

"बांधून ठेवायचा असतोय त्यो! साखळीनं! नवा हाय त्यो, आठ दिवस केकाटणारच. किती बी गयावया करू दे, सोडायचा न्हाई."

"पर नाना, बिरू देत न्हाई. आता कंचा आणू?"

नानांना आता रंग चढला. ते उठून बसले. "जातीबितीचं सोड. ज्यानं डुकरं लोळवली, ज्याच्या अंगावर सुळ्याचा वण हाय, त्योच खरा! बाकीचे नुसते शेपट्या हलवणारे. असा दिसला की इचारत बसू नगं. सरळ बांध!"

आणि सवयीप्रमाणे त्यांनी धोतर जरा वर सारलं.

केरबाने वण बघितला. बराच वेळ बघितला. मग घरी जाऊन बैलाची साखळी घेऊन आला.

दिवस कलला तेव्हा सत्तूनाना शेवटच्या सरीच्या तोंडाशी खुंट्याला बांधलेले होते. साखळी खरं तर गळ्यात अडकवायची, पण नाना मोठे माणूस, म्हणून केरबाने ती कमरेला बांधली.

झाडी हलली. एकामागून एक अकरा डुकरं बाहेर आली. पुढची मादी नानांपासून चार हातांवर येऊन हुंगायला लागली.

"आई गं!" नाना किंचाळले. "सोड रं मला! मी जन्मात जित्तं डुक्कर बघितलं न्हाई! ह्यो वण गाडीच्या खिळ्याचा हाय!"

ती किंकाळी अशी होती की झाडावरची पाखरं उडाली. मादी दचकली, वळली आणि सगळा कळप घेऊन डोंगरात पसार झाली.

आरडाओरडा ऐकून हौसा धावत आली. सरी जशीच्या तशी होती. मग तिला नाना दिसले. तिने कपाळावर हात मारला.

"अवो, सोडा त्यांना! लोक काय म्हणतील?"

"सोडायचा न्हाई," केरबा म्हणाला. "आठ दिवस सोडायचा न्हाई, असं नानांनी सांगितलंय."

"आरं गाढवा, मीच नाना हाय!"

"म्हणून तर ऐकतोय," केरबा हात जोडून म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं, नाना."

आणि त्याने साखळी आणखी दोन कड्या आखूड केली.