भंगलेला बाळकृष्ण

“आणखी किती वेळा बघायचं म्हणता, बुवा? सकाळी उठल्या उठल्या बघतो. चहा होईस्तोवर परत बघतो. जेवताना तर ताटापेक्षा मोबाईलकडंच लक्ष असतं माझं.”

चिकोडीकर मास्तरांनी हे जरा तोऱ्यातच सांगितलं. नारोबुवांनी विचारलं होतं एवढंच, की घेतलेले शेअर अधूनमधून तपासता ना?

नारोबुवा नदीकाठच्या लहानशा मठात एकटेच राहत. यंदा सण तोंडावर आला, तसे कित्येक वर्षांनी देव्हाऱ्यातले सगळे देव खाली उतरवून ते उजळायला बसले होते. परातीत चिंचेचा कोळ होता आणि बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या होत्या.

मास्तर आले होते ते मात्र गाऱ्हाणं घेऊन. निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा त्यांनी एका पाइप बनवणाऱ्या कंपनीत घातला होता आणि भाव घसरत घसरत निम्म्यावर आला होता. त्यांच्या पत्नी वृंदाताई म्हणत, उरलेत तेवढे तरी काढून घ्या. मास्तर म्हणत, घेतल्या भावाला येऊ दे, त्याच दिवशी विकतो. हळूहळू वृंदाताईंनी म्हणणं सोडलं. मग बाकीचं बोलणंही सोडलं. मास्तरांना भावापेक्षा त्या अबोल्याचीच जास्त धास्ती वाटू लागली होती, पण हे कबूल कोण करणार?

“तुम्हीच सांगा बुवा. थांबू, का विकू?”

“हे धरा,” बुवा म्हणाले आणि त्यांनी पितळेचा रांगता बाळकृष्ण मास्तरांच्या हातात दिला. “जरा घासा.”

आपण विचारतोय काय आणि हे देतायत काय, असं मास्तरांच्या मनात आलं. पण बुवांपुढे बोलायची सोय नव्हती. घासू लागले.

या देव्हाऱ्यापुढं ते कित्येक वर्षं दर गुरुवारी हात जोडत आले होते. आज बाळकृष्णाच्या अंगावर रेशमी वस्त्र नव्हतं, फुलं नव्हती.

मास्तरांचा अंगठा मध्येच थांबला.

“बुवा... हा भंगलाय.”

“कुठं?”

“लोण्याचा गोळा धरलेला हात. कोपरापासून नाहीच.”

बुवांनी मूर्ती डोळ्यांजवळ नेली. “खरंच की.”

“माझ्या हातून तर नाही ना झालं?”

“छे. कड काळी पडलीय बघा. जुनं आहे हे.”

“पण मी दर गुरुवारी बघतो याला.”

“मी तर रोज फूल वाहतो,” बुवा म्हणाले आणि हसले. “वस्त्रावरूनच.”

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

“भाऊ भाऊ वेगळे झालेत,” मास्तर एकदम म्हणाले.

“कुठले?”

“त्या पाइपवाल्या कंपनीचे मालक. कारखाना बंद केला त्यांनी. आता नुसत्या जमिनी विकून चाललंय म्हणे.”

“कधी कळलं?”

“पेपरात आलं होतं... गेल्या वर्षी.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मग मी भाव बघितला.”

बुवांनी हात धुतले, बाळकृष्णावर तुळशीचं पान ठेवलं आणि त्याला घेऊन ते घाटाच्या पायऱ्या उतरू लागले. मास्तर मागोमाग गेले.

“कुणी दिला होता हा?”

“माझ्या गुरूंनी. जायच्या आधी माझ्या ओंजळीत ठेवला होता.”

“आणि तुम्ही तो असा...”

“भंगलेला देव पूजेत ठेवत नाहीत, मास्तर. तुम्हाला का हे सांगायला पाहिजे?”

म्हाताऱ्या बुवांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. गुडघाभर पाण्यात जाऊन त्यांनी मूर्ती कपाळाला लावली आणि हलकेच सोडून दिली.

मास्तर पायरीवर बसले. शेअर बाजार अजून चालू होता. त्यांनी मोबाईल काढला, तोट्याचा आकडा पुरता वाचला आणि ते सगळे शेअर विकून टाकले. मग घरी फोन लावला.

“विकले, वृंदा.”

“लवकर या,” वृंदाताई म्हणाल्या. “मी जेवायची थांबलेय.”

एवढ्यानं मास्तरांचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी ती अशी बोलली होती.

वर मठात येईपर्यंत त्यांची चाल तरण्या पोरासारखी झाली होती. बुवा एकेक देव पुसून जागेवर बसवत होते. देव्हारा नुसता लखलखत होता. मधोमध तेवढी एक जागा मोकळी राहिली.

मास्तरांना काही ती बघवेना.

“बुवा, इथं आता कुणाला बसवायचं? आणि माझ्याही डोक्यात एक सिमेंटवाली कंपनी आहे हो. सगळे म्हणतात, फार चांगली आहे. हे आलेले पैसे आजच तिच्यात...”

बुवांनी खांद्यावरचं कोरडं फडकं त्यांच्या हातात दिलं.

“तिथं अजून ओल आहे, मास्तर. आधी जागा पुसून घ्या.”